हुंगून वाढलेली पेज

पेज करायला अक्कल लागत नाही असं लोकांना वाटतं. तांदूळ टाकला, पाणी ओतलं, झालं. असं म्हणणाऱ्याला मी एकदा शंभर माणसांचा हंडा चुलीवर ठेवायला लावीन. भात तळाशी बसतो, पाणी वर राहतं, आणि रांगेतल्या पहिल्या माणसाच्या वाडग्यात नुसतं पांढरं पाणी जातं. म्हणून आमच्या रांगेत पहिला नंबर कुणालाच नको असायचा. बाकी मुंबईत लोक पुढे घुसायला भांडत, आमच्याकडे मागे राहायला भांडायचे. "तू हो पुढे." "छे, तुला घाई आहे, तूच हो." मग मी दर पाच-सात माणसांमागे ओगराळं तळापर्यंत घालून हंडा ढवळायला लागलो, तेव्हा कुठे रांग सरळ झाली. ही गोष्ट मला कुणी शिकवली नाही. मी चौथीत शाळा सोडली, तीही अर्ध्या वर्षात. तेव्हा लिहिण्यात चुका असतील तर असोत, सांगण्यात नाहीत.

हे घाटकोपरचं सांगतोय. स्टेशनच्या अंगाला वस्ती, पलीकडे डोंगर, डोंगरात दगडाच्या खाणी. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झालेली, धान्य रेशनवर, आणि मुंबईत दारूबंदी. वस्तीतल्या चार भल्या माणसांनी गवताच्या एका जुन्या वखारीत पेजेचं केंद्र काढलं होतं. दुपारी एकदा पेज आणि लोणच्याची फोड. ज्याला छप्पर नाही त्याला पडवीत पथारी टाकायला जागा. आणि ज्याला दारू सोडायची असेल त्याच्याशी रोज घटकाभर बोलणारं माणूस. तिन्ही कामं एकाच जागी, कारण माणूस एकच असतो. भूक, रस्ता आणि दारू त्याच्याकडे वेगवेगळ्या दिवशी येत नाहीत.

केंद्राचे चिटणीस एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. कागदपत्रं त्यांची, हंडा माझा. मी आचारी, वाढपी आणि दारवान. त्याआधी गिरगावात एका खानावळीत होतो, मूळचा राजापूरकडचा. मला सगळे दाजी म्हणत.

केंद्राचा एक कायदा होता. जो पिऊन येईल त्याला पेज नाही आणि पडवीही नाही. तांदूळ देणाऱ्यांची ती अट होती. आता प्यायलेला ओळखायचा कसा? झोकांड्या तर अशक्तपणानेही जातात. डोळे चुलीच्या धुरानेही लाल होतात. म्हणून वाढण्याआधी प्रत्येक पुरुषाने माझ्यासमोर तोंड उघडून 'हा' करायचं आणि मी हुंगायचं. मी मान हलवली की वाडगं पुढे. नाही हलवली तर बाहेर.

ह्या कामाला मी तयार होतो. खानावळीत आमटी उतरली की नाही हे मी झाकण न काढता सांगायचो. आणि हातभट्टीचा वास मी घरात शिकलो होतो. काळा गूळ, नवसागर, सडलेली फळं, त्यातनं जे निघतं त्याचा आंबूस-गोडसर वास येतो. माझा थोरला भाऊ त्यानेच गेला. शेवटचे दिवस त्याच्या उशाशी मीच बसलेलो. तेव्हा हा वास मला दहा हातांवरून कळायचा, आणि कळला की माझं डोकं फिरायचं. हे खरं आहे, लपवत नाही.

लोक युक्त्या करायचे. बाबी म्हणून एक मालवणकडचा म्हातारा खलाशी होता, तो कधी ओवा चावून यायचा, कधी कडुलिंबाचा पाला, कधी अख्खा कांदा.

"दाजीनु, बघा, आज नुसतो कांदो."

"कांद्याच्या खाली काय आहे?"

"कांद्याखाली लसूण."

"आणि लसणीखाली?"

"आता तितक्या खोल कित्याक जातास?" असं म्हणून तो स्वतःच वाडगं उलटं करून बाहेर जाऊन बसायचा. दुसऱ्या दिवशी कोरा यायचा. बाबीवर मी कधी चिडलो नाही. चुकला की मुकाट बाहेर जायचा, वाद घालायचा नाही.

बायकांची रांग वेगळी असायची. त्यांची तोंडं मी हुंगत नसे. परक्या बाईच्या तोंडाशी नाक नेणं कुठल्या घरात चाललं असतं? आणि बाई कशाला पिईल, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण त्यातून एक घोटाळा व्हायला लागला. नवरा पिऊन पडायचा, बायको रांगेत येऊन पेज न्यायची आणि त्याला पाजायची. म्हणून मी स्वतः एक पोटकायदा केला. नवऱ्याला वास आला तर त्याच्या बायकोचीही पेज बंद, तो शुद्धीवर येईपर्यंत. मास्तर म्हणाले, "दाजी, हे जरा जास्त होतंय." मी म्हटलं, "मास्तर, बायको उपाशी राहिली की नवरा सरळ होतो. दोघं सरळ झालेले मी दाखवतो." आणि खरंच दाखवले. त्यातला एक रघू.

रघू खाणीत सुरुंगाची भोकं पाडणारा. अंगाने काटक, बोलायला कमी. बायको तारा, दोघंही आमच्या राजापूरकडची, म्हणून माझा जीव जरा जास्त. थंडीत पेज बंद करून करून मी त्याला दारू सोडायला लावली. आमच्याकडे दारू सोडण्याची एक रीत होती. देवळात वगैरे नाही. सगळी रांग बसलेली असताना उकळत्या हंड्याच्या काठावर उजवा हात ठेवायचा आणि बोलायचं, 'ह्याच्यावर हात ठेवून सांगतो, पिणार नाही.' काठ चांगलाच तापलेला असतो. वाक्य पुरं होईपर्यंत हात काढायचा नाही. बरेच जण अर्ध्यात काढायचे. रघूने पुरं वाक्य म्हटलं, आणि वर थोडा वेळ हात तसाच ठेवला. मीच मनगट धरून उचलला.

त्यानंतर तो खरंच प्यायला नाही. पुन्हा कामाला लागला, रांगेत यायचा बंद झाला. मास्तरांनी तांदूळ देणाऱ्या मंडळींसमोर त्याला उभा केला, हार घातला, चार शब्द बोलले. माझंही नाव घेतलं. मी हंड्यामागे उभा होतो, पण ऐकू आलं.

पावसाळ्यात खाणी बंद पडतात. भोकांत पाणी भरतं, सुरुंग पेटत नाही. त्या साली त्या लवकर बंद पडल्या आणि उशिरापर्यंत उघडल्या नाहीत. मुकादमाने खाणीवरच्या खोपट्या रिकाम्या करून घेतल्या. रघू आणि तारा बाजाराच्या मागे एका बंद दुकानाच्या फळीखाली राहायला लागले. तारा एका घरी भांडी घासायची, ती माणसं गणपतीला गावी गेली ती लवकर परतली नाहीत. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की बरेच दिवसांनी रघू रांगेत उभा आहे. हातात वाडगं, मान खाली. हार घातलेला माणूस वाडगं घेऊन उभा राहायला किती दिवस लावेल, याचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

त्याने 'हा' केलं. मला वास आला. गोडसर, फळं सडल्यासारखा.

मी म्हटलं, "रघू, पुन्हा कर."

त्याने पुन्हा केलं. तोच वास.

"बाहेर हो."

"दाजी, नाय पिलोय मी."

"माझ्याशी बोलतोस? अरे, माझा भाऊ गेला ह्या वासाने."

"आईची शपथ, नाय."

"शपथ तू ह्या हंड्यावर घेतलीयस. आता आईची कशाला आणतोस?"

सगळी रांग बघत होती. त्याला सोडला असता तर उद्या कुणी माझं ऐकलं असतं? निदान तेव्हा मला तसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर रांगेपेक्षा मला त्या हाराचं जास्त लागलं होतं. माझं नाव घेऊन घातलेला हार होता तो. तारा बायकांच्या रांगेत होती, तिचंही वाडगं मी परत केलं. दोघं पावसात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रघू पुन्हा आला. वास आदल्या दिवसापेक्षा जास्त. पाय लटपटत होते, जीभ जड झालेली. मी मास्तरांना हाक मारून दाखवलं, "बघा, हा तुमचा हारवाला." मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि आत गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "घरी जा रे, कशाला वाट लावून घेतोस." दुसरा म्हणाला, "घर असतं तर आला असता का?" लोक हसले. रघू खाली बसला. उठून जायला त्याला बराच वेळ लागला. जाताना भिंत धरून गेला. माझ्या मनात आलं, भरपूर ढोसलीय.

तिसऱ्या दिवशी तो आला नाही. तारा आली, आणि बायकांच्या रांगेत न जाता सरळ पुरुषांच्या रांगेत उभी राहिली. तिच्यापुढचे दोघे आपण होऊन बाजूला झाले. ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली,

"माझं तोंड हुंगा."

"तारे, खुळ्यासारखं करू नको. तिकडे हो."

"हुंगा म्हणते ना. त्यांचं हुंगलात ना? माझं पण हुंगा."

"बायकांचं हुंगत नाय मी."

मग ती पुढे झाली आणि हंड्याच्या वाफेवरून माझ्या तोंडावर 'हा' केलं.

तोच वास. तसाच गोड, तसाच सडका.

आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हटलं, "म्हणजे तू पण प्यायला लागलीस?"

हे वाक्य मी बोललो हे लिहायला मला आज इतकी वर्षं लागली आहेत. आधी दोनदा लिहून खोडलं होतं.

विठाबाई म्हणून एक म्हातारी आमच्याकडे तांदूळ निवडायला यायची. सात मुलं झालेली, तीन राहिलेली. ती सूप बाजूला ठेवून उठली, ताराची हनुवटी धरून तोंडाशी नाक नेलं आणि माझ्याकडे वळली.

"अरे मेल्या, ही दारू हाय? पोटात काय नसलं की येतो हा वास. चार-पाच दिवस अन्न नाय पोटात ह्या पोरीच्या. बाळंतीण अन्न टाकते तेव्हा हाच येतो, ताप लांबला की हाच येतो. कुठल्या पण बाईला विचार."

मी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. कुणी मान हलवली, कुणी नुसतं बघत राहिलं. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. मी कधी विचारलं नव्हतं, आणि मला कोण आपण होऊन सांगणार? बायकांच्या तोंडाशी मी कधी गेलो असतो तर पहिल्या आठवड्यातच कळलं असतं.

नंतर एका डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, बरोबर आहे, शरीर स्वतःलाच जाळायला लागलं की श्वासाला असा वास येतो, आणि चांगल्या चांगल्या माणसांना तो दारूचा वाटतो. हे त्याने माझं समाधान करायला सांगितलं. मी मात्र घरी जाऊन मोजत बसलो. ज्यांना बाहेर काढलं त्यांतले कोण प्यायलेले होते आणि कोण नुसतेच उपाशी होते? जो जास्त उपाशी त्याला जास्त वास. म्हणजे ज्याला पेजेची सगळ्यांत जास्त गरज, त्याला मी सगळ्यांत आधी हाकलत होतो. किती जणांना, ते आठवेना. जे आठवले ते पुन्हा आलेच नव्हते.

त्या दुपारी मी ओगराळं विठाबाईच्या हातात दिलं आणि पेजेची निवळ तांब्यात घेतली. इतक्या दिवसांच्या उपाशी पोटाला भात द्यायचा नसतो, आधी मीठ घातलेलं पाणी, घोट घोट. तेवढं तरी मला येत होतं. तारा पुढे चालत होती. मी एकदा म्हटलं, "तारे, मला कळलं नाय गं." ती म्हणाली, "चला लवकर."

फळीखाली रघू नव्हता. शेजारच्या मोच्याने डोंगराकडे हात दाखवला.

डोंगराच्या कुशीत हातभट्ट्या लागायच्या, झाडीत. पोलीस यायच्या आत माल खाली उतरवायला माणसं लागत. खाण बंद असताना तेवढं एकच काम मिळायचं, पण अंगात ताकद नसेल त्याला भट्टीवाला आधी एक ग्लास पाजायचा, म्हणजे निदान एक खेप होईल. रघू आम्हाला पायवाटेवरच भेटला. एका दगडाला टेकून बसला होता, शेजारी रबराची नळी बांधलेला दारूचा डबा, हातात मूठभर चणे. अर्धे चणे त्याने ताराला पुढे केले. तिने घेतले नाहीत.

मी तांब्या पुढे केला. त्याने तांब्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे तोंड केलं आणि 'हा' केलं.

"आता हुंगा दाजी. आता बरोबर येईल."

मी हात जोडले. मी देवळात सोडून कुणापुढे हात जोडणारा माणूस नाही. म्हटलं, "रघू, चुकलो. पेज घे, चल."

तो म्हणाला, "तुमी नाय चुकलात. दोन दिवस आधी बोललात, एवढंच."

पेज ताराने प्यायली, तिथेच, त्याच्याकडे पाठ करून.

त्यानंतर मी मास्तरांकडे गेलो. म्हटलं, "मला सर्दी झालीय. आता वास येत नाही."

"कधीपासून?"

"आजपासून."

"बरी कधी होईल?"

"होणार नाही."

मास्तर समजले. त्यांनी मला काढलं नाही, पण तांदूळ देणाऱ्यांना काय सांगायचं तेही त्यांना सुचलं नाही. मी सगळ्यांना वाढायला लागलो. मग काय होणार ते झालं. खरे प्यायलेले यायला लागले, पडवीत मारामाऱ्या, ओकाऱ्या. एकाने लोणच्याची बरणी भिंतीवर फोडली. बायाबापड्या यायला घाबरू लागल्या. बाबीनेसुद्धा मला बोल लावला, "दाजीनु, आता कांदो खाऊन येवची पण गरज नाय रवली. मजाच गेली." तांदळाची पोती कमी कमी होत गेली. हुंगत होतो तेव्हा उपाशी माणूस बाहेर राहिला, हुंगायचं सोडलं तर केंद्रच बंद पडायला आलं. मधला रस्ता कुणी मला सांगितला असता तर मी पाय धरले असते. आजही कुणाला ठाऊक असेल तर सांगावा.

रघूला मी पडवीत आणायचा प्रयत्न पुष्कळ केला. दोन दिवस राहायचा, तिसऱ्या दिवशी डोंगरावर. खाणी पुन्हा उघडल्या तेव्हा मुकादमाने त्याला घेतला नाही, हात थरथरणारा माणूस सुरुंगाला चालत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो त्याच पायवाटेवर सापडला. भट्टीचा एक घाणा बिघडलेला होता म्हणतात, त्याच्याबरोबर आणखी दोघे गेले. त्याला खांदा मी दिला. ताराने मला अडवलं नाही.

तारा मात्र रोज येत राहिली. तिने एक केलं. दुपारी माझ्यासमोर आली की वाडगं पुढे करायच्या आधी ती तोंड उघडायची आणि 'हा' करायची. एक शब्द बोलायची नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "नको गं." ती थांबून राहिली. मागे रांग खोळंबली. मी मान हलवेपर्यंत ती वाडगं पुढे करेना. दुसऱ्या दिवशी तसंच. मग मी बोलायचं सोडून दिलं. रोज ती 'हा' करायची, रोज मी मान हलवायचो, रोज मी वाढायचो. कधी उपासाचा तो गोड वास, कधी कुणी दिलेल्या भाकरीचा, कधी काहीच नाही. नवीन आलेल्यांना वाटायचं, ही बाई जरा फिरलेली आहे. मी कुणाला काही सांगितलं नाही.

केंद्राचे शेवटचे महिने चालले होते. हंडा अर्धाच चढायचा. एक दिवस तारा आली, 'हा' केलं, आणि वास आला. रोजच्या सवयीने निदान तिच्यापुरते तरी दोन्ही वास मला वेगळे ओळखता येत होते. हा उपासाचा नव्हता.

मी मान हलवली आणि ओगराळं भरून घेतलं. तिने वाडगं पुढे केलं नाही.

"काय आला वास?"

"उपाशी आहेस," मी म्हटलं. "बस, खा."

ती पुढे वाकली. मग हळू आवाजात, मागच्याला ऐकू जाणार नाही असं म्हणाली,

"ते उपाशी होते तेव्हा तुम्हाला दारू आली. आज मी पिऊन आलेय तर उपास येतो. त्यांना एवढं एक दिवस म्हणाला असतात तर?"

तिने वाडगं हंड्याच्या काठावर उपडं ठेवलं आणि गेली. मागची बाई म्हणाली, "दाजी, वाढा ना, निवतंय."

मी वाढलं.